थोरली उभी होती

आईला पोहता येत नव्हतं. जन्म खाडीकाठचा, सासर खाडीकाठचं, रोज दोनदा खाडी ओलांडायची, तरी पाणी छातीला लागलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. वडील गेल्यावर गावाची गुरं वळायचं काम तिच्याकडे आलं. गुरं म्हणजे बहुतेक म्हशीच. आमच्या बांधासमोर, हाकेच्या अंतरावर, खाडीच्या मधोमध एक गवताळ बेट होतं. पावसाळा सरला की गावाची जनावरं तिथे चरायला जायची, आणि आई त्यांच्याबरोबर जायची ती आमच्या म्हशीची शेपटी धरून. त्या म्हशीला आम्ही थोरली म्हणायचो. ओहोटीच्या वेळी पाणी कमरेला असायचं, तरी आई शेपटी सोडायची नाही. थोरलीनेही कधी शेपटी झटकली नाही.

माझा स्वभाव मुळात काळजी करण्याचा. लग्नाआधी रोज संध्याकाळी मी बांधावर जाऊन उभी राहायची. आधी थोरलीचं डोकं दिसायचं, मग तिच्यामागे बाकीच्या, आणि मध्ये कुठेतरी आईच्या लुगड्याचा निळा रंग. तो दिसला की मी घरी येऊन चूल पेटवायची. आई म्हणायची, "रोज रोज काय बगतस? मी काय आज नवीन येतंय?" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन उभी राहायची.

इतकी वर्षं बघून मला त्या कळपाची घडी पाठ झाली होती. पाण्यात आधी थोरली. तिच्या मागे दोन दांडग्या म्हशी, ज्यांचं एकमेकींशी जमत नसे. एक डावीकडून चालायची, दुसरी उजवीकडून. त्यांच्या आड रेडकं. मागे वयात आलेल्या वगारी, आणि सगळ्यांत शेवटी एक लंगडी, जिची कुणी वाट बघतंय असं वाटायचं नाही. पण थोरली बघायची. ती अलीकडे चढली की घरी जायची नाही. बांधाच्या उतारावर ती वळून पाण्याकडे तोंड करून उभी राहायची. एकेक म्हैस तिच्या अंगाला घासून वर जायची. लंगडी वर आली, आई वर आली, की मग थोरली हलायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याआधी जी पुढे असायची तीसुद्धा असंच करायची असं आई सांगत असे.

गावाची एक काशाची घंटा होती. पावसाळाभर ती गावदेवीच्या देवळात टांगलेली असे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी धुऊन, शिंगांना गेरू फासून बांधावर आणायच्या, ओवाळायच्या आणि सोडायच्या. जी आधी पाण्यात उतरेल तिच्या गळ्यात पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती घंटा. यात निवडायचं असं काही नव्हतंच. गावाने फक्त म्हशींनी आधीच ठरवलेलं मान्य करायचं. कित्येक वर्षं घंटा आमच्याच दारात वाजत होती, आणि खोटं कशाला बोलू, आईला त्याचा थोडा तोरा होता. विधवा बाईच्या वाट्याला गावात दुसरा मान येतो तरी कुठे?

एकोणीसशे तीस सालानंतरची ती वर्षं. मला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणलं होतं आणि दिवस भरत आले होते. त्या वर्षी आमच्या खोताने सुरतेकडून एक म्हैस आणली. काळी कुळकुळीत, शिंगं विळ्यासारखी, चालली की जमीन दबायची. बघायला सगळं गाव लोटलं. खोत वाईट माणूस नव्हता. अडीनडीला दाराशी गेलेल्याला पाणी विचारायचा. पण होळीचा पहिला नारळ त्याचा, पालखीचा पहिला खांदा त्याचा, देवळातला पहिला प्रसाद त्याचा. इतक्या पहिलेपणात वाढलेल्या माणसाची म्हैस दुसऱ्या कुणाच्या म्हशीमागून जाणार, हे त्याच्या डोक्यात कसं शिरावं? पाडव्याला त्याने सांगून टाकलं की यंदा घंटा आमच्या म्हशीला. गावातली शहाणी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, बरोबर आहे, मान त्यांचाच.

घंटा बांधली. म्हशी सोडल्या. थोरली नेहमीसारखी पाण्यात उतरली, बाकीच्या तिच्यामागे, आणि खोताची म्हैस काठावर उभी राहून घंटा वाजवत बसली. शेवटी लंगडीच्याही मागून तिला काठीने ढकलावं लागलं. गाव हसलं. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

पुढचे काही दिवस आई संध्याकाळी जेवताना मला कळपाच्या गमती सांगायची. सुरतवालीला कुणी जवळ करत नव्हतं. चांगल्या गवताकडे गेली की दोघी दांडग्या तिला शिंगांनी बाजूला सारायच्या. रेडकं घंटेच्या आवाजाला फसून तिच्याकडे धावायची, वास घ्यायची, आणि ही आपली नव्हे म्हणून थोरलीकडे परतायची. बिचारी दिवसभर एकटीच कडेला चरायची. आई म्हणायची, "सून नवीन हाय. वरीसभरात घेतील घरात." मला त्या म्हशीची दया यायची. नव्या घरात पहिल्या वर्षी कसं वाटतं ते मला ठाऊक होतं.

पण खोताला ते हसणं झोंबलं होतं. एकादशीनंतर तो आमच्या अंगणात आला. आई गोठा झाडत होती.

"अगं, आमच्या घरची म्हैस ती," तो म्हणाला. "गळ्यात घंटा बांधून सगळ्यांच्या शेवटी येते. गाव काय म्हणतं माहीत आहे ना?"

"ती म्हस हाय, खोतानू. तिला कुटं ठावं कुनाच्या घरची हाय ती?"

"तेच सांगतोय. चार दिवस तुझी म्हैस घरी बांधून ठेव. पुढे कुणी नसलं की आमची आपोआप पुढे होईल. बाकीच्या घंटेमागून येतील. जनावरं आहेत, त्यांना काय कळतं?"

आई नाही म्हणू शकली असती. पण तिचा राग असा की तो नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणून जास्त दाखवायची. हातातला खराटा टाकून ती म्हणाली, "बांदते. उद्यापास्नं बांदते. तुमचीच व्हऊ दे फुडारीन."

तो गेल्यावर मी म्हटलं, "आई, तू शेपटी कुणाची धरशील?"

"पानी कंबरेला असतं. चालत येईन."

"आणि पौर्णिमा जवळ आलीये. उधाणाचे दिवस."

"तू पोटातल्याची काळजी कर," आई म्हणाली, आणि विषय संपला. मला त्या रात्री झोप लागली नाही. पौर्णिमेच्या सुमाराला रात्रीची भरती मोठी येते. ते बेट तेव्हा गवतासकट पाण्याखाली जातं आणि कांदळाच्या झाडांचे शेंडे तेवढे वर राहतात. हे आईला माझ्याहून जास्त माहीत होतं. राग मात्र उधाणाची तिथी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच ओहोटीच्या पाण्यातून ती गेली. सुरतवालीच्या गळ्यात दोर घालून स्वतः पुढे चालली. समोर गवत होतं, म्हशी भुकेल्या होत्या, कशाबशा गेल्या. थोरली दावणीला होती. सकाळभर तिने पेंढ्याला तोंड लावलं नाही. दुपार कलली, खाडीला पुरती ओहोटी लागली, म्हणजे रोजची परतायची वेळ झाली, तशी ती दाव्याला हिसके द्यायला लागली. गोठ्याला खिडकी नव्हती, खाडी दिसत नव्हती, तरी तिचं तोंड बरोबर खाडीकडे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कातडी थरथरत होती.

म्हशींच्या परतीचा आवाज आला नाही. ऊन उतरलं, तरी नाही. मी उठून बांधाकडे निघाले, तर शेजारची काकी आडवी आली. "तिन्हीसांजा झाल्यान. पोटुशी बाई, खाडीवं कुटं चाललीस?"

"आई आली नाही, काकी."

काकीने डोईवर पदर घेतला आणि माझ्याबरोबर आली.

बांधावर माणसं जमली होती. पाणी चढत होतं. पलीकडे कळप बेटाच्या काठावर एकत्र होऊन उभा होता. आई त्यांच्या मागे हात हलवताना दिसत होती. तिचा आवाज वाऱ्याने तुटून येत होता. म्हशी पाण्यापर्यंत यायच्या, पाणी हुंगायच्या, मान वळवून मागे बघायच्या आणि परत फिरायच्या. त्या कुणाला शोधत होत्या ते मला इथून कळत होतं. घंटा कळपातून वाजत नव्हती. बाजूला, कांदळाच्या गचपणातून, मध्येच एकदा वाजायची आणि थांबायची.

"सुरतवाली चिखलात रुतलीय," कुणीतरी म्हणालं. "वाट चुकली असंल."

पुरुषमाणसं बोलत होती. होडीसाठी बंदराकडे माणूस धाडला आहे, भरतीच्या तोंडी ती खाली यायला वेळ लागेल, ओढ फार आहे, असं सगळं. बांधावरच्या बहुतेकांना पोहता येत होतं. म्हशींनाही पोहता येत होतं. प्रश्न एवढाच की आधी कोण. ते सगळे खोताच्या तोंडाकडे बघत होते, आणि खोत छत्री टेकून पाण्याकडे. कळप तिकडेही उभा होता आणि इकडेही. मला त्या क्षणी इतकी चीड आली की भीतीसुद्धा मागे पडली. मी मागे वळले आणि पोट धरून घराकडे निघाले.

काकी ओरडली, "धावू नको गं!" मी धावत नव्हते, मला धावता येत नव्हतंच. गोठ्यात जाऊन दावं सोडलं. थोरली माझ्यासाठी थांबली नाही. मी बांधावर परत पोचेपर्यंत ती माणसांमधून वाट काढून उतारावरून खाली गेली होती. खोत म्हणाला, "अरे, हिला कुणी सोडलं?"

ती रोजच्याच जागेवरून पाण्यात उतरली. भरतीची ओढ तिला वरच्या अंगाला नेत होती, आणि ती नाक वर करून तिरपी पोहत होती. मध्ये तिचं डोकं दिसेनासं झालं तेव्हा काकीने माझा हात घट्ट धरला. मग ते पुन्हा दिसलं, पलीकडच्या काठाला लागून. ती वर चढली, अंग झटकलं आणि रेकली. सगळा कळप तिच्याकडे लोटला. नाकाला नाक लावणं, हुंगणं, दोघी दांडग्यांनी एकदा उगाच शिंगाला शिंग भिडवणं, हे सगळं झालं, जसं काही संध्याकाळ नेहमीचीच होती. मग ती वळली आणि पाण्यात शिरली. तिच्यामागे डावी दांडगी, उजवी दांडगी, मध्ये रेडकं, मागे वगारी, आणि शेवटी लंगडी.

चंद्र वर आला होता, त्यामुळे पाण्यावरची डोकी दिसत होती. मी निळं लुगडं शोधत होते. थोरलीच्या मागे ते नव्हतं. मध्ये नव्हतं. लंगडीच्या मागेही नव्हतं.

थोरली चढली. वळली. उतारावर उभी राहिली. म्हशी तिच्या अंगाला घासून वर जाऊ लागल्या, आणि ज्याची त्याची म्हैस ओळखून माणसं सुस्कारे सोडू लागली. कुणी कुणी आपलं जनावर घेऊन चालूसुद्धा लागलं. लंगडी वर आली. थोरली हलली नाही. एका माणसाने तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "चल गे, झाला." ती हलली नाही. वर गेलेल्या म्हशीही बांधावर थबकल्या. हाकलल्या तरी घराकडे जाईनात.

"आई तिकडेच आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ती त्या म्हशीपाशी आहे. गावाचं जनावर टाकून ती यायची नाही."

घंटा वाजत होती. कांदळातून, अंधारातून, वाजायची आणि थांबायची. जोवर वाजतेय तोवर तिथे कुणीतरी हलतंय, असं मी स्वतःला सांगत होते. पाणी बेटावरच्या गवतात शिरलं. घंटा जोरात वाजली, पुन्हा एकदा वाजली आणि मग बंद झाली.

मी खाली बसले. देवीला काय काय बोलले ते आता आठवत नाही. काकी माझी पाठ चोळत होती आणि स्वतःच रडत होती. तेवढ्यात खाली पाण्याचा आवाज झाला. थोरली परत पाण्यात उतरली होती.

दमलेली म्हैस ती. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मला तो फार वाटला. तिकडून एकदा रेकणं ऐकू आलं. मग आईचा आवाज आला, शिव्या देणारा, आणि मी आयुष्यात कुठलाही गोड शब्द ऐकून इतकी सुखावले नाही. पाण्यावर एक डोकं दिसलं. त्याच्या मागे लहानसं दुसरं. आणि त्याच्याही मागे विळ्यासारखी शिंगं.

आई शेपटी धरून उतारावर आली आणि तशीच चिखलात गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटले होते. तिच्यामागून सुरतवाली आली आणि पहिल्यांदाच थोरलीच्या अंगाला घासून वर गेली. तिच्या गळ्यात घंटा नव्हती.

खोत दोन पावलं पुढे झाला. आमच्या सगळ्यांसारखाच तोही घाबरलेला होता, पण तोंडून सवयीचंच निघालं. "घंटा कुठे गेली?"

आईने डोळे उघडले. "कांदळात. पट्टा मुळ्यांत अडकलता, तीच धरून व्हती तिला. तुमचा मान हाय, खोतानू. जावा, तुमीच आना."

कुणी हसलं नाही. खोताने छत्री खाली टाकली, अंगावरचं उपरणं काढलं आणि आईच्या खांद्यावर टाकलं. घंटा पुढे कुणाला सापडली नाही. गावाने नवी केली नाही. त्या वर्षापासून पाडव्याला म्हशी नुसत्या सोडतात आणि बघतात.

घरी आल्यावर मी आईचे हात गरम पाण्याने धुतले आणि मग मनसोक्त भांडले. एका म्हशीसाठी जीव देत होतीस, माझा विचार आला नाही का, असं बरंच बोलले. शेवटी ती म्हणाली, "पट्टा सोडवला, तवा पानी छातीला व्हता. मना वाटला, झाला आता. झाडाला मिठी मारून डोळे मिटले. तवर ही थोरली आली. मी तिला शिव्या घातल्या, जा म्हनून हाकलली. पोरांवाली तू, कळप तिकडं, माझ्यापायी कशाला उभी हास? ती हालंना. पानी तिच्या नाकाला लागला तरी हालंना." आईने गोठ्याकडे बघितलं. "ती उभी व्हती गो. मंग मना यावाच लागला."

पुढच्या आठवड्यात मला मुलगी झाली.

माझं सासर खाडीच्या पलीकडच्या तीरावर, खूप वरच्या अंगाला. बाळंतपण आटोपून मी होडीने निघाले तेव्हा आई बांधावर पोचवायला आली. होडी दूर गेली तरी ती उतारावर तशीच उभी, पाण्याकडे तोंड करून, जिथे थोरली उभी राहायची तिथेच. मी हात केला, जा आता, म्हणून. ती हलली नाही. पुढेही दरवेळी तेच. थोरली गेली, खोत गेला, मला आणखी मुलं झाली, आणि प्रत्येक वेळी होडीतून मागे बघितलं की आई उभी. सासरी कामं असायची, आजारपणं असायची, येणं जमेल असं कधी वाटायचं नाही. तरी दर दिवाळीला मी यायची. ती उभी होती, मग मला यावंच लागायचं. आता बांधावर कुणी नसतं, आणि मी माहेरी जात नाही.